पेशीचा बांध आणि मीठ-साखरेचे पाणी

वैशाख संपत आला की लाटंबार्से, कासारपाल, नानोडा या भागांतील घराघरांत पुरुमेंताची लगबग सुरू होते. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी व्हावयास हवी. जाडे मीठ भरले जाते, भिरंडेची सोले उन्हात पडतात आणि चेपणीची तोरे बरणीत बसतात. कोवळ्या कैऱ्या आणि मीठ यांचे थर देऊन वर दगड ठेवला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणीत पाणी दिसू लागते. घरातील कोणीही बरणीत पाण्याचा एक थेंब घातलेला नसतो. मग हे पाणी आले कोठून?

या साध्या प्रश्नाच्या उत्तरात सजीवसृष्टीचे एक मोठे रहस्य दडलेले आहे. एवढेच नव्हे, तर पावसाळ्यात हगवण लागलेल्या मुलाचा जीव कशाने वाचतो, याचेही उत्तर तेथेच आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टींची सांगड घालण्याचा प्रयत्न केला आहे.

पेशीचे आवरण

कैरी असो, भाताचे रोप असो की मनुष्य असो, सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ आवरण असते. त्यास प्रद्रव्यपटल असे म्हणतात. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही थोडी कमीच भरते. हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या रेणूंच्या दोन थरांचे बनलेले असते, हे हॉलंडमधील गॉर्टर व ग्रेंडेल या संशोधकांनी १९२५ साली दाखवून दिले. या थरांत प्रथिनांचे रेणू जडविलेले असून ते त्यात तरंगत असतात, ही आज मान्य असलेली कल्पना सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ साली मांडली.

तेल आणि पाणी मिसळत नाहीत, हे आपण नित्य पाहतो. त्यामुळे पाण्यात विरघळलेले मीठ व साखर यांना हा स्निग्ध थर सहजासहजी ओलांडता येत नाही. प्राणवायू व कर्बवायू यांसारखे लहान रेणू मात्र त्यातून विनासायास जातात. पाण्याचे काही रेणू थेट थरातून पाझरतात आणि बरेचसे खास पाण्यासाठी असलेल्या प्रथिनांच्या नळ्यांतून जातात. या नळ्यांचा शोध पीटर ॲग्रे यांनी १९९२ च्या सुमारास लावला व त्यासाठी त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काहींना वाट देणारे आणि काहींना अडविणारे, म्हणून या आवरणास निवडक्षम पटल म्हणतात.

आपल्या गोव्याच्या भाषेत सांगावयाचे तर हे पटल म्हणजे खाजन शेताचा बांध होय. पेडण्यात शापोरा व तेरेखोल या नद्यांच्या काठी, तसेच आपल्या डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी असे बांध पिढ्यान् पिढ्या उभे आहेत. नदीचे खारे पाणी बांध थोपवून धरतो. परंतु नुसत्या बांधाने शेत चालत नाही. आतील पाणी बाहेर जाण्यास वाट हवी. म्हणून बांधात मानस बसविलेली असते. ओहोटीच्या वेळी मानशीची दारे आतील पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरतीच्या वेळी बाहेरील पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात. पेशीच्या आवरणातील प्रथिने ही अशाच मानशी होत. फरक इतकाच की, येथे प्रत्येक पदार्थासाठी बहुधा वेगळी मानस असते.

चेपणीच्या तोरांत काय घडते?

निवडक्षम पटलाच्या एका बाजूस विरघळलेले पदार्थ अधिक आणि दुसऱ्या बाजूस कमी असले, तर पाणी कमी पदार्थांच्या बाजूकडून अधिक पदार्थांच्या बाजूकडे जाते. या क्रियेस परासरण म्हणतात. बरणीत कैरीच्या पेशींबाहेर मीठ फार आणि आत कमी असते, म्हणून पेशींतील पाणी बाहेर येते व कैरी सुरकुतते. बरणीतील पाणी हे कैरीचेच पाणी होय.

येथे एक शंका येईल. पटल मिठाला अडविते म्हणावे, तर काही दिवसांनी कैरी आतपर्यंत खारट कशी होते? याचे कारण असे की, पाणी गमावलेल्या पेशी अखेर मरतात. मेलेल्या पेशीचे पटल फुटक्या बांधासारखे होते आणि मग मीठ मुक्तपणे आत शिरते. तोरे नासविणाऱ्या बहुतेक सूक्ष्म जंतूंचीही त्या खाऱ्या पाण्यात हीच गत होते. त्यांच्यातील पाणी ओढले जाते व त्यांची वाढ खुंटते. तोरे वर्षभर टिकतात ती यामुळे.

वर्गात करावयाचा प्रयोग

शिक्षकबंधूंना हा प्रयोग कोणत्याही शाळेत, प्रयोगशाळेवाचून करता येईल. दोन सारखे बटाटे घ्यावेत. एक कच्चा ठेवावा व दुसरा उकडून गार करावा. दोहोंची एका बाजूची साल काढून तळ सपाट करावा व वरच्या बाजूस वाटीसारखा खळगा कोरावा. दोन्ही बटाटे ताटलीत ठेवून ताटलीत बोटभर पाणी ओतावे व प्रत्येक खळग्यात चमचाभर साखर घालावी. काही तासांनी पाहावे. कच्च्या बटाट्याच्या खळग्यात बरेच पाणी जमलेले दिसेल. उकडलेल्या बटाट्याच्या खळग्यात तसे पाणी चढणार नाही, कारण उकडण्याने त्याच्या पेशींची पटले नष्ट झालेली असतात.

या प्रयोगावरून दोन गोष्टी मुलांच्या मनावर बिंबतात. पहिली, पाणी साखरेच्या मागे जाते. दुसरी, त्यासाठी पटल शाबूत असावे लागते. या दोन्ही गोष्टी पुढे उपयोगी पडणार आहेत.

पाण्यात उभे, तरी तहानलेले

बांध फुटून खाजन शेतात खारे पाणी शिरले की भाताची रोपे पाण्यात उभी असूनही माना टाकतात. याचेही कारण परासरणच. मुळांबाहेरील पाण्यात मीठ वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे कठीण होते. शिवाय मिठातील सोडियम पेशीत साचला की तेथील कामकाज बिघडते.

आपल्या पूर्वजांनी खाजन जमिनींसाठी कोरगुट हे भाताचे वाण राखले, ते खारेपणा सोसते म्हणून. एला येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेने याच कोरगुटातून निवड करून गोवा धान १ व गोवा धान २ ही वाणे दिली आहेत. मीठ सोसणाऱ्या वनस्पतींचे निरीक्षण करता असे आढळते की, त्यांच्या पेशी आत आलेला सोडियम स्वस्थ पडू देत नाहीत. त्या तो पुन्हा बाहेर लोटतात, किंवा पेशीच्या पोटातील रिक्तिका नावाच्या कोठारात कोंडून ठेवतात. कमी असलेल्या बाजूकडून अधिक असलेल्या बाजूकडे पदार्थ लोटावयाचा, तर त्यास ऊर्जा खर्च करावी लागते. उतारावरून पाणी आपोआप वाहते, पण विहिरीतून ते वर आणावयास रहाट फिरवावा लागतो, तसेच हे आहे. उताराने होणाऱ्या वाहतुकीस निष्क्रिय वहन आणि ऊर्जा खर्चून चढावर होणाऱ्या वाहतुकीस सक्रिय वहन असे म्हणतात.

मनुष्याच्या पेशींतही असा एक रहाट अहोरात्र फिरत असतो. तो दर फेऱ्यास सोडियमचे तीन कण पेशीबाहेर टाकतो व पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी १९५७ साली याचा शोध लावला. त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपण झोपेत असतानाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा या उपशावर खर्च होत असतो. या उपशाचा परिणाम म्हणजे पेशीच्या आत सोडियम नेहमी कमी राहतो व बाहेरचा सोडियम आत येण्यास सदैव उत्सुक असतो.

दोन किल्ल्यांचे दार

आता आपण आतड्याकडे वळू. प्रौढ माणसाच्या आतड्यात दररोज सुमारे ८ ते ९ लिटर द्रव येतो. त्यातील दोनएक लिटर आपण खातो-पितो त्यातून आणि उरलेला लाळ, पित्त व इतर पाचक रसांतून येतो. यांपैकी केवळ १०० ते २०० मिलिलिटर मलावाटे बाहेर जातो. बाकीचा सर्व द्रव आतड्याच्या पेशी शोषून रक्तात परत पाठवितात. पाणी उचलून नेणारा असा स्वतंत्र उपसा पेशीपाशी नाही. ती आधी मीठ व साखर आत घेते आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते, बटाट्याच्या खळग्यात गेले तसे.

आतड्याच्या पेशींवर एक विशेष दार आहे. दोघांच्या किल्ल्या एकदम लागल्याशिवाय न उघडणारी देवस्थानाची पेटी काहींनी पाहिली असेल. हे दार तसेच आहे. सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोज साखरेचा एक रेणू असे एकत्र आले म्हणजेच ते त्यांना आत सोडते. सोडियम उताराने आत येताना साखरेला आपल्याबरोबर ओढून आणतो. अशा जोडीने होणाऱ्या वाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथील परिषदेत मांडली. त्या वेळी ती केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय होती. तिच्यातून लक्षावधी मुलांचे प्राण वाचणार आहेत, हे कोणाच्या ध्यानीमनी नसावे.

हगवणीत बिघडते काय आणि शाबूत राहते काय?

पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात. हे विष आतड्याच्या पोकळीत कार्य करते, हे कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सिद्ध केले. या विषामुळे पेशीवरील क्लोराइडचे दार उघडे ते उघडेच राहते. क्लोराइड व त्यामागून सोडियम आतड्यात ओतले जातात आणि परासरणाच्या नियमाने पाणीही त्यांच्या मागे धावते. तीव्र पटकीत प्रौढ रोग्याच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. साधा सोडियम शोषून घेण्याची नेहमीची एक वाटही याच विषाने मंदावते. म्हणून नुसते पाणी पाजले किंवा नुसते मीठ-पाणी दिले, तर ते पुरेसे अंगी लागत नाही.

परंतु दोन किल्ल्यांचे दार या विषाने बिघडत नाही! एका ठिकाणी बांध फुटला असला तरी दुसऱ्या ठिकाणची मानस धडधाकट असते. तेथे मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र पोहोचविली की ती आत जातात व पाणी त्यांच्यामागे रक्तात जाते. हगवण लगेच थांबत नाही, पण शरीर सुकत नाही. हगवणीने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक शरीर सुकण्यामुळेच होतात, हे लक्षात घेता या दाराचे मोल कळून येईल.

बनगावचा अनुभव

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेवरील बनगाव येथे पटकीची साथ उसळली. शिरेतून द्यावयाच्या सलाइनचा साठा अपुरा पडला. इस्पितळाच्या जमिनीवर रोग्यांची गर्दी झाली होती. अशा वेळी डॉ. दिलीप महालनबीस यांनी धाडसी निर्णय घेतला. लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या कलकत्त्यात बांधण्यात आल्या. तोटी लावलेल्या पिंपांत द्रावण तयार करून रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजावयास सांगण्यात आले. आई, भाऊ, शेजारी हेच तेथे परिचारक झाले.

आठ आठवड्यांत सुमारे ३,७०० रोग्यांवर उपचार झाले. आधी तेथे शंभरांत तीसच्या आसपास रोगी दगावत होते, ते प्रमाण ३.६ पर्यंत खाली आले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत होऊ शकेल, असा अभिप्राय दिला. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले व २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

पुढील काळात असे दिसून आले की, द्रावण थोडे सौम्य केल्यास ते अधिक चांगले शोषले जाते. म्हणून २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम हे प्रमाण ठरविले आहे. आज मिळणारी ओआरएसची पुडी या प्रमाणाची असते. साखर अधिक घातली तर मूल लवकर बरे होईल, असे कोणास वाटेल. परंतु फार गोड द्रव आतड्यात गेल्यास परासरणाने शरीरातीलच पाणी आतड्यात ओढले जाते व हगवण वाढते. बाटलीतील गोड शीतपेये हगवणीत देऊ नयेत, ती या कारणासाठी. ठरलेल्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. खरेदी करताना पुडीवरील घटक वाचून पाहावेत.

घरी काय करावे?

गोव्यातील सर्व ग्रामीण घरांना नळजोडणी मिळाल्याचे २०२० साली जाहीर झाले. तथापि पावसाळ्यात विहिरी व झरी गढूळतात, बागायतीत काम करताना वाटेतील पाणी प्याले जाते आणि माश्याही वाढतात. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात.

१. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या ओआरएसच्या दोन-तीन पुड्या पुरुमेंताच्या सामानाबरोबरच घरात ठेवाव्यात.

२. लिटरची पुडी असल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ती संपूर्ण रिकामी करावी. अर्धी पुडी अर्ध्या लिटरात असे अंदाजाने करू नये. द्रावण पुन्हा उकळू नये व २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.

३. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. अधिक मीठ लहान मुलास घातक ठरते.

४. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर व मोठ्यांस हवे तेवढे द्यावे. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरुवात करावी.

५. अंगावरचे दूध बंद करू नये. मोठ्या मुलास पेज, मऊ भात चालू ठेवावा. उकड्या तांदळाच्या पेजेत चिमूटभर मीठ घालून देण्याची आपली चाल शास्त्रास धरूनच आहे, कारण तांदळातील पिष्ठाचे आतड्यात ग्लुकोजच होते.

६. सहा महिन्यांवरील मुलास जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणे चौदा दिवस आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने द्यावी. त्याहून लहान बाळास याच्या निम्मी मात्रा असते.

हगवण लागली की पाणी तोडावे, पोट कोरडे ठेवावे, असा एक समज अद्याप ऐकू येतो. अधिक पाणी प्याल्याने अधिक शौचास होते, असे वरवर दिसते, म्हणून हा समज निर्माण झाला असावा. परंतु गळक्या घागरीत पाणी घालणे थांबविल्याने गळती बुजत नाही, घागर मात्र रिकामी होते.

मूल गुंगीत असेल, पाणी पिऊ शकत नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटावरील कातडीची चिमटीत धरलेली वळी सावकाश खाली जात असेल, बराच वेळ लघवी झाली नसेल किंवा शौचात रक्त असेल, तर वेळ न दवडता त्यास आरोग्य केंद्रात न्यावे. अशा वेळी शिरेतून सलाइन देण्याची गरज पडू शकते. वाटेतही पिऊ शकत असल्यास द्रावण पाजीत राहावे.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

ग्रामपंचायतींनी पावसाळ्याच्या तोंडावर सार्वजनिक विहिरींचे निर्जंतुकीकरण करून घ्यावे व अंगणवाडीत, तसेच प्रत्येक वाड्यावरील एखाद्या घरी ओआरएसच्या पुड्या ठेवण्याची व्यवस्था करावी. दूरच्या वाड्यावर रात्री-अपरात्री वाहन मिळेपर्यंतचा वेळ फार मोलाचा असतो. शाळांनी जून महिन्यातच बटाट्याचा प्रयोग करावा आणि त्याच तासाला मुलांकडून मीठ-साखरेचे पाणी मोजून तयार करवून घ्यावे. जे मूल हे वर्गात शिकेल, ते घरी जाऊन आईला व आजीला सांगेल.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. तोरांच्या बरणीत पाणी कोठून येते? काही दिवसांनी कैरी आतून खारट का होते?

२. उकडलेल्या बटाट्याच्या खळग्यात पाणी का चढत नाही?

३. खाजन शेताची मानस आणि पेशीतील सोडियमचा रहाट यांत कोणता फरक आहे?

४. हगवणीत नुसते मीठ-पाणी किंवा नुसते साखर-पाणी न देता दोन्ही एकत्र का द्यावे?

५. आपल्या वाड्यावरील पाच घरांत जाऊन ओआरएसची पुडी आहे किंवा नाही, याची नोंद करा व ती वर्गशिक्षकांना द्या.

पेशीच्या आवरणावरील एक लहानसे दार मीठ आणि साखर बरोबर आल्याखेरीज उघडत नाही, एवढेच हे शास्त्र आहे. हे दोन्ही जिन्नस प्रत्येक स्वयंपाकघरात असतात. उणीव असते ती प्रमाण ठाऊक असण्याची आणि वेळेवर सुरुवात करण्याची. ती भरून काढणे आपणां सर्वांच्या हाती आहे.